पुढं काय होतंय, ते आधी सांग

आमच्या गल्लीत एक आजी राहतात. माहेर-सासर दोन्ही किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपतींचं विसर्जन करून गावं झोपलेली असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्यात त्यांचं घर गेलं, घरातली दोन माणसं गेली. मग त्या सोलापूरला भावाकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. तीस वर्षं उलटली तरी अंथरूण दाराजवळच. रात्री दाराला कडी लावू देत नाहीत. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की सगळं सोलापूर मान वर करून बघतं, या मात्र ओट्यावर कानांवर हात ठेवून बसलेल्या असतात.

मध्यंतरी एका रविवारी नातीबरोबर टीव्हीवर कुठलासा सिनेमा बघत होत्या. त्यात नदीला पूर येतो आणि एक घर आत माणसं असताना ढासळतं. नात घाबरली, रिमोट शोधायला लागली. आजी म्हणाल्या, "थांबीव. पुढं काय होतंय, ते आधी सांग. ती पोरगी वाचती का?"

"वाचते, आजी."

"मग लाव."

सिनेमा शेवटपर्यंत बघितला. आणि त्या रात्री, आमच्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच, त्यांनी नातीला त्या पहाटेची हकिगत सुरुवातीपासून सांगितली.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा जीव गेला, तेव्हापासून 'मानसिक आघात', 'समुपदेशन' हे शब्द शहरात पुन्हा पुन्हा ऐकू येतात. त्याबरोबर एक प्रश्नही येतो, बहुतेक वेळा कुत्सितपणे: सिनेमा बघून, गोष्ट ऐकून कुणाचं दुःख बरं होतं होय? उत्तर 'कधी कधी हो' असं आहे. ते 'कधी कधी' कशावर अवलंबून असतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आघात म्हणजे काय, आणि काय नाही

हल्ली इंटरनेट तासभर बंद पडलं तरी मुलं 'ट्रॉमा झाला' म्हणतात. ते सोडून देऊ. जीव जाईल अशी भीती, डोळ्यांसमोर झालेला मृत्यू, शारीरिक वा लैंगिक अत्याचार असं काही घडल्यावर मनावर जी जखम राहते, तिला आघात म्हणायचं. घटना संपते, जखम मागे राहते.

सगळ्यांनाच ती राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांना आयुष्यात कधीतरी असा भयंकर अनुभव येतो, पण त्यातल्या साधारण ५.६ टक्के लोकांनाच पुढे आजार जडतो. बाकीचे आपल्या माणसांत, कामाधंद्यात हळूहळू सावरतात. त्या आजाराला पीटीएसडी म्हणतात, मराठीत आघातोत्तर तणाव विकार. १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हे नाव आलं, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल बघितल्यानंतर. महिन्याहून जास्त काळ नको असताना तीच दृश्यं डोळ्यांपुढे येणं, त्या आठवणीच्या वाटेला जाणं टाळणं, सतत दचकणं, मन बधिर होणं किंवा स्वतःलाच दोष देत राहणं, ही त्याची ठळक लक्षणं.

तुटलेला धागा

साधी आठवण आणि आघाताची आठवण यांत फरक काय? सोलापूरकराला हे मागावरून सांगता येईल.

यंत्रमागावर काम केलेल्या कुणालाही विचारा. ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचा, धागा शोधायचा, गाठ मारायची, मग पुढे. न थांबवता माग चालूच ठेवला तर कापड विणलं जातं, पण त्या जागी लांबच लांब फट उतरत जाते. पुढचं कितीही चांगलं विणलं तरी ती फट आपोआप भरत नाही.

रोजच्या आठवणींना मेंदू तारीख, ठिकाण, आधी-नंतर असे टाके घालत असतो. या कामात हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हात असतो. दुसरा भाग अमिग्डला, आकाराने बदामाएवढा. धोक्याची घंटा वाजवण्यात तो पुढे असतो. जिवावर बेततं तेव्हा घंटा इतक्या जोरात वाजते की टाके घालण्याचं काम नीट होत नाही, असं शास्त्रज्ञ मानतात. मग वास, आवाज, एखादं दृश्य ठसठशीत राहतं, पण 'हे तेव्हा घडलं आणि संपलं' हा शिक्का त्यावर बसत नाही. म्हणून आजींना दारूकामाचा धडाका ऐकू आला की त्यांना १९९३ 'आठवत' नाही. त्यांच्या शरीराला तो आत्ता चालू असतो.

आपल्याकडच्या कहाण्या 'आटपाट नगर होतं' म्हणून सुरू होतात आणि 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणून संपतात. आघाताची आठवण म्हणजे ज्या कहाणीला आटपाट नगरही नाही आणि सुफळ संपूर्णही नाही, मधलंच एक पान सारखं उघडतंय, ती.

मग गोष्ट नेमकं काय करते?

पहिलं, ती क्रम देते. आघातावरच्या उपचारांमध्ये एक पद्धत आहे, जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी युद्धातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांसाठी तयार केलेली. कथनाच्या आधारे केलेला उपचार, असं तिला म्हणता येईल. ती इतकी घरगुती आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. जमिनीवर एक दोरी पसरायची. ती दोरी म्हणजे तुमचं आयुष्य. जिथं काही चांगलं घडलं तिथं फूल ठेवायचं, जिथं वाईट घडलं तिथं दगड. दोरीचं पुढचं टोक गुंडाळलेलंच राहू द्यायचं, कारण ते अजून जगायचं आहे. मग बैठकीमागून बैठक जन्मापासून क्रमाने सांगत यायचं, आणि दगड आला की घाई न करता तिथं थांबायचं: काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं, अंगात काय होत होतं, आणि नंतर काय झालं. समुपदेशक ते लिहून घेतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो, आणि शेवटी तुमची गोष्ट तुमच्या हातात देतो. म्हणजे माग थांबवून धागा शोधणं आणि गाठ मारणंच.

सिनेमा हे सगळं करत नाही. पण तो नमुना दाखवतो. माझ्यासारखं कुणीतरी होतं, त्याच्यावर असं कोसळलं, आणि त्यानंतरही गोष्ट चालू राहिली, हे डोळ्यांपुढे घडताना दिसतं. ज्याच्याकडे स्वतःच्या अनुभवाला शब्दच नाहीत, त्याला उसने शब्द मिळतात. 'मला त्या पोरीसारखं झालं होतं' हे वाक्य 'मला काय झालं होतं' यापेक्षा तोंडातून सहज निघतं.

दुसरं, गोष्ट अंतर देते. हे आपल्या पूर्वजांना फार आधी कळलेलं होतं. दुःखाने, श्रमाने, शोकाने पिडलेल्यांना नाट्य विसावा देईल, असं भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय. पुढे भट्टनायक या काव्यशास्त्राच्या पंडिताने त्यासाठी 'साधारणीकरण' हा शब्द वापरला: रंगमंचावरचं दुःख त्या पात्राचंही उरत नाही आणि माझंही राहत नाही, ते सगळ्यांचं होतं. आपण ते भोगतो, पण चटका बसत नाही.

आणि शास्त्र न वाचलेल्या बायकांनी तेच जात्यावर केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सीता पुन्हा पुन्हा येते. सासरचा जाच, टाकून दिलेलं असणं, हे 'मला' म्हणून सांगायची सोय नव्हती. सीतेचा वनवास म्हणून सांगता येत होतं, तेही भल्या पहाटे, शेजारी दुसरी बाई जात्याच्या खुंट्याला हात लावून बसलेली असताना. आडून बोलणं म्हणजे पळवाट, असं आपण मानतो. कित्येकदा आत जायची तेवढीच वाट उघडी असते.

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे. आठवण कपाटातल्या फोटोसारखी एकदाच छापलेली नसते. ती ट्रंकेतल्या चादरीसारखी असते: दर वेळी बाहेर काढली की परत ठेवताना घडी नव्याने पडते. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या करीम नादर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की भीतीची पक्की झालेली आठवण पुन्हा जागी केली तर काही काळ ती कच्ची होते, आणि पुन्हा पक्की होण्याआधी तिच्यात बदल होऊ शकतो. माणसांच्या बाबतीत हे किती आणि केव्हा चालतं यावर अजून वाद आहेत. पण सुरक्षित जागी, आपल्या माणसाशेजारी बसून ती आठवण उघडली तर परत ठेवताना तिच्या घडीत थोडी सुरक्षितताही जात असावी, ही कल्पना त्यावरून करता येते.

आजींनी शेवट आधी का विचारला?

सिनेमाचा शेवट कुणी सांगितला तर आपण चिडतो. आजींना तो हवा होता, आणि सगळ्या लेखात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आघातात माणसाच्या हातात काहीच नसतं. कधी सुरू होणार, किती वेळ चालणार, थांबवायचं कसं, काहीच नाही. सिनेमात ते सगळं असतं. दोन-अडीच तासांनी दिवे लागणार हे माहीत असतं. घरी तर रिमोटच हातात. आजींनी आधी सिनेमा थांबवला, मग शेवट विचारला, मग 'लाव' म्हणाल्या. त्या पहाटे यातलं एकही त्यांना करता आलं नव्हतं.

हरिश्चंद्र-तारामतीची कथा ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला शेवटी काय होणार हे ठाऊक असतं. तरीही रोहिदासाला साप डसतो तेव्हा मंडपात पदर डोळ्यांना लागतात. शेवट माहीत असतो म्हणून तर निर्धास्त रडता येतं.

भीतीवरच्या उपचारांचं तत्त्वही याच्या जवळचंच आहे: टाळलेल्या गोष्टीला थोड्या थोड्या मात्रेने, आपल्या संमतीने सामोरं जायचं. विहिरीला घाबरणाऱ्या मुलाला ढकलून पोहणं शिकवणारे काका प्रत्येक गावात असतात. त्यांची मुलं पोहायला शिकतात की नाही माहीत नाही, काकांना मात्र आयुष्यभर टाळतात.

"रडलं की मोकळं होतं" हे खरं का?

अर्धवट. आपल्याकडे मयताच्या घरी 'रडव तिला, रडव' असं सांगणारं कुणीतरी असतंच. हेतू चांगला असतो. पण नुसतं रडणं म्हणजे बरं होणं नव्हे, आणि जबरदस्तीने बोलायला लावणं तर घातक ठरू शकतं. एकेकाळी मोठ्या दुर्घटनेनंतर लगेच, एकाच बैठकीत, वाचलेल्यांकडून सगळं वदवून घेण्याची पद्धत जगभर वापरली जायची. नंतर त्यावरचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा दिसलं की तिने पीटीएसडी टळत नाही, आणि काहींचा त्रास उलट वाढल्याचं एखाद्या अभ्यासात आढळलं. म्हणून आता पहिल्या दिवसांत जेवण, झोप, निवारा, आपली माणसं जवळ असणं यावर भर देतात. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकायचं, ज्याला नाही त्याला सोडायचं.

रडण्यापलीकडे काय लागतं, याचा अंदाज जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ च्या प्रयोगावरून येतो. त्याने काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून उठल्यावर मुलं आधीपेक्षा उदास होती. पण पुढच्या काही महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पुढे असे कितीतरी प्रयोग झाले, सरासरी फायदा लहानच निघाला. त्यांच्या लेखनातले शब्द नंतर तपासले, तेव्हा 'कारण', 'म्हणून', 'आता कळतं' असे शब्द दिवसागणिक वाढत गेलेल्यांना जास्त फायदा झालेला दिसला. म्हणजे भावना बाहेर पडणं एक, आणि तिची गोष्ट होणं दुसरं.

मग आगीचे व्हिडिओ बघितल्यानेही फायदा होईल?

नाही. इथं लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो.

टॉवेलच्या कारखान्याच्या त्या आगीचे व्हिडिओ दिवसभर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक फोनवर फिरत होते, कुणी मागितले नसताना. बघणारे म्हणत होते, 'माहिती घेतोय'. १५ एप्रिल २०१३ ला अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर संशोधकांनी चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. घटनेनंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच्या बातम्या-दृश्यं बघणाऱ्यांमध्ये तीव्र तणावाची लक्षणं, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी किंवा जवळ असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. आधीच ताणाखाली असलेली माणसं जास्त बघत असतील, हे खरं. संशोधकांनी जमेल तितकं ते हिशेबात धरलं, तरी फरक उरलाच.

व्हिडिओला आटपाट नगर नसतं. तो मधूनच सुरू होतो, सर्वांत भयंकर क्षणी संपतो, आणि आपोआप परत सुरू होतो. त्यात पात्र नाही, कारण नाही, 'नंतर' नाही. म्हणजे आघाताची आठवण जशी असते, अगदी तसाच तो बनवलेला असतो.

सिनेमाही त्रास देतो की!

देतो. मानसशास्त्रज्ञ तर प्रयोगशाळेत मुद्दाम त्यासाठीच सिनेमाचे तुकडे वापरतात. धडधाकट माणसांना अपघात, मृत्यू यांची दृश्यं दाखवायची, आणि पुढचे काही दिवस ती नको असताना किती वेळा डोळ्यांपुढे येतात हे मोजायचं. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अशी दृश्यं दाखवल्यावर अर्ध्या तासाने काही जणांना टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला. त्यांना नंतर दृश्यं कमी वेळा दिसली. डोळ्यांना दुसरं काम मिळालं की चित्र तितकं घट्ट बसत नाही, असा त्याचा अर्थ लावतात. शिवणकाम, रांगोळी यांनीही तसंच होतं का, हे कुणी तपासलं तर वाचायला आवडेल.

तेव्हा 'तुझ्यासारखीच गोष्ट आहे, बघ' म्हणून कुणालाही सिनेमासमोर बसवू नये. अत्याचार सोसलेल्या बाईला अत्याचाराचं लांबलचक दृश्य दाखवण्यात शहाणपण नाही. दिग्दर्शकाने ते 'वास्तववादी' म्हणून घेतलेलं असतं, माझ्या मते बऱ्याचदा आळसाने. मदत करणारी गोष्ट बहुधा थोडी आडवाटेने येते. आजींचा सिनेमा भूकंपाचा नव्हता, पुराचा होता. भूकंपाचा असता तर त्या उठून गेल्या असत्या, असं मला वाटतं.

बघताना छातीत धडधड वाढत चालली, घाम फुटला, आपण कुठं बसलोय हेच सुटायला लागलं, तर बंद करायचं. तिकिटाचे पैसे गेले तर गेले. नंतर काही दिवस झोप उडाली तर ती मात्रा जास्त झाली, असं समजायचं. डोळ्यांत पाणी येऊन, थोडं जड वाटून, मग कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर ठीक चाललंय.

मग डॉक्टर कशाला?

कारण सिनेमा ऐकत नाही. तो सगळ्यांना तेच सांगतो, तुमचा धागा कुठं तुटलाय हे त्याला माहीत नसतं. नुसता सिनेमा दाखवून पीटीएसडी बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. पुरावा आहे तो प्रशिक्षित माणसाबरोबर, ठरावीक बैठकांमध्ये केलेल्या उपचारांना. दोरी-फुलं-दगडांची पद्धत त्यातलीच एक. काहींना औषधांचीही गरज पडते. सिनेमा त्या दारापर्यंत नेऊन सोडणाऱ्या रिक्षासारखा. ते दार कुठं आहे हे माहीत नसेल तर मानसिक त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, विनामूल्य, मराठीतूनही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर सिनेमा-बिनेमा बाजूला ठेवून आधी हा फोन करायचा.

आणि शेजारी बसलेल्या माणसाचं काय? त्या रात्री नातीने कोणताही उपचार केला नाही. तिने फक्त दोन गोष्टी केल्या. आजी बोलत असताना 'जाऊ दे आता, जुनं झालं' म्हटलं नाही, आणि आजी थांबल्या तेव्हा 'मग?' असं विचारलं. ज्याला कुणाला गोष्ट सांगितली आहे त्याला हा 'मग?' माहीत आहे. लहानपणी आपण आजीला तो विचारतो, इथं फक्त बाजू उलटली होती.

त्यांनी काय सांगितलं, ते सगळं इथं लिहिणार नाही. मातीच्या वासाचं सांगितलं, दगडी भिंतीचं सांगितलं. आणि एक अशी गोष्ट, जी घरात कुणालाच माहीत नव्हती: बाहेर पडताना दाराची कडी निघत नव्हती.

आजी अजूनही दाराजवळच झोपतात. दारूकामाला अजूनही कानांवर हात असतात. पण यंदा थंडी जास्त पडली तेव्हा सून म्हणाली, दार ढकललेलं राहतंय, वारं आत येतंय. आजींनी थोडा विचार केला, कडी दोनदा काढून-लावून बघितली, आणि म्हणाल्या, "लाव. पण तेल घाल तिला आधी."